उसाच्या बेटावरील वाडा

मोझरीच्या वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर काही बोलावे, अशी सूचना चालकांकडून आली तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि बाहेर फार झाले. युनियनच्या कचेरीत, एस.टी.च्या प्रवासात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर जे वाचले तेवढीच आमची शिदोरी. राजेरजवाड्यांच्या वंशावळी आम्हांस पाठ नाहीत, लढायांच्या तारखाही नाहीत. परंतु एक गोष्ट आयुष्यभर केली आहे. कोणतीही मोठी इमारत दिसली की तिच्या दर्शनी भागापेक्षा तिच्या मागल्या दाराकडे आमची नजर आधी जाते. तेथून माणसे कामाला आत येतात. ही सवय इतिहासाच्या उपयोगी पडत असेल, तर एका वाड्याची हकीगत सांगतो.

हा वाडा आपल्या मुलखातला नाही. तो हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर आहे. काही वर्षांपूर्वी कामगार कार्यकर्त्यांच्या एका मेळाव्याच्या निमित्ताने आम्हांस तेथे जाण्याचा योग आला. बेट ते केवढे, तर आपल्या अमरावती जिल्ह्याचा जेमतेम सहावा हिस्सा. मधोमध काळ्या दगडांचे डोंगर, सभोवती निळे पाणी आणि डोंगर व पाणी यांच्यामध्ये ऊसच ऊस. उसाच्या फडांतून जागोजाग काळ्या दगडांचे ढीग पिरॅमिडसारखे रचलेले दिसतात. जमीन लागवडीखाली आणताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेले हे दगड आहेत. वाडा पाहण्यापूर्वी आम्ही हे ढीग पाहिले, हे बरेच झाले.

बेटाच्या उत्तर भागात मापू नावाच्या ठिकाणी ‘शातो द लाबूर्दोने’ नावाची हवेली आहे. फ्रेंच अमदानीत १७३५ साली येथे गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द लाबूर्दोने याचे नाव तिला दिलेले आहे, पण ती त्याची नव्हे. तो वारल्यानंतर शंभर वर्षांनी, वीहे नावाच्या मळेवाल्या घराण्याने ती बांधविली. १८५९ साली ती पूर्ण झाली. पुढे जीर्ण झाली, तिची निगुतीने दुरुस्ती झाली आणि २०१० पासून ती सर्वांना पाहण्यास खुली आहे. दुतर्फा झाडांच्या लांब रस्त्याने आपण जातो आणि शेवटी ती दुमजली पांढरी वास्तू समोर येते. खालीवर खांबांचे रुंद व्हरांडे, उंच दारे, आत जेवणाचे मोठे दालन. लाकूडकाम सागवानाचे. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसास सागवानाची पारख सांगावी लागत नाही. आम्ही एका दारावरून हात फिरविला आणि क्षणभर परतवाड्याच्या लाकूडबाजारात उभे असल्यासारखे वाटले. मागे मोठी फळबाग आहे. आंबा आहे, लिची आहे, जायफळ आणि लवंग आहे. वास्तू सुंदर आहे. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाने हे कबूल करू नये असे कोणास वाटेल. पण जे सुंदर आहे ते सुंदरच म्हणावे. तीही कोणाच्या तरी हातांची करामत आहे.

ते हात कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतो आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

ऊस या बेटावर प्रथम डच लोकांनी १६३९ साली आणला. त्यांच्या मागून फ्रेंच आले. त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणून बंदर, रस्ते आणि मळे उभे केले. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. १८२५ साली इंग्लंडात मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी करण्यात आली आणि तेव्हापासून बेटावर दुसरे पीक जवळजवळ उरले नाही. दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी सुमारे सहासष्ट हजार माणसे गुलाम होती. इंग्रज सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम वाटली. ती कोणास मिळाली? मालकांना. ज्यांचे आयुष्य गेले त्यांस एक कवडीही मिळाली नाही. उलट आणखी काही वर्षे ‘उमेदवार’ या गोंडस नावाखाली जुन्याच धन्याकडे राबण्याची सक्ती झाली.

सुटलेला गुलाम पुन्हा त्या फडाकडे पाहीना. मग मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागले. त्यांनी पाच वर्षांच्या करारावर निशाण्या केल्या होत्या. पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ आणि कपडा. गुलामाऐवजी करारबद्ध मजूर चालतो काय, हे पाहण्यासाठी केलेला हा प्रयोग इंग्रज सरकारने ‘महान प्रयोग’ म्हणून गौरविला. तो मालकांच्या दृष्टीने यशस्वी झाला. पुढे गियाना, त्रिनिदाद, जमैका, नाताळ, फिजी अशा सर्व ठिकाणी हीच पद्धत गेली. एकट्या मॉरिशसमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे उतरली. बहुतेक बिहार आणि मद्रासकडची. परंतु मुंबई बंदरातूनही जहाजे गेली, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतील आपली मराठी माणसे होती.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. वाडा पूर्ण झाला १८५९ साली. आणि सबंध इतिहासात ज्या एका वर्षी सर्वांत जास्त हिंदी मजूर या बेटावर उतरले ते वर्षही १८५९. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोक आले. इकडे १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती, तिकडे बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने धडधडत होते. एकीकडे पोट फिरले, दुसरीकडे चाक फिरले. दोन्ही एकाच वेळी. व्हरांड्यातले खांब मोजताना हा दुसरा आकडा ध्यानात ठेवला म्हणजे वाडा पुरता दिसतो.

वाड्यापासून थोड्याच अंतरावर पांप्लमूसचे प्रसिद्ध उद्यान आहे. लाबूर्दोनेने तेथे आपल्या घरापुरता आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना पुरविण्यापुरता भाजीचा मळा केला होता. पुढे प्येर प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्याने १७७० च्या सुमारास त्याचे वनस्पती-उद्यान केले. लवंग आणि जायफळ यांवर तेव्हा डच व्यापाऱ्यांची पोलादी मक्तेदारी होती. रोप बाहेर नेणाऱ्यास ते जबर शिक्षा देत. प्वाव्रने मोलुक्का बेटांतून ही रोपे चोरून आणविली आणि येथे वाढविली. आज आपण मसाल्याच्या डब्यातून सहज उचलतो त्या लवंगेमागे असा चोरीचा आणि पहाऱ्याचा इतिहास आहे. उद्यानात परातीएवढ्या पानांची कमळे आहेत. तालिपोत नावाचा एक ताड आहे. तो कित्येक दशकांनी आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलल्यावर मरतो. देशोदेशींच्या पुढाऱ्यांनी लावलेली झाडे आहेत, त्यांत इंदिरा गांधींचे आहे. करारबद्ध मजुराच्या पोटी जन्मलेले सर शिवसागर रामगुलाम हे स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांची समाधी याच उद्यानात आहे आणि १९८८ पासून उद्यानास त्यांचेच नाव आहे. गव्हर्नराच्या परसबागेस मजुराच्या मुलाचे नाव लागण्यास अडीचशे वर्षे लागली.

मजुराचे जिणे कसे होते हे त्यांच्या कायद्यांवरून कळते. आम्हां युनियनवाल्यांना कायदा वाचण्याची खोड असते. एक दिवस कामावर आला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आपणांस ठाऊक आहे. तेथे एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. ‘दुहेरी कपात’ हेच त्याचे नाव होते. आजारी पडलेला मजूर महिन्याच्या अखेरीस मालकाचाच देणेकरी निघे. फडावर देखरेख करणाऱ्यास ‘सरदार’ म्हणत; तो बहुधा आपल्यातलाच असे. हे आम्हांस नवे वाटले नाही. मुकादम सर्वत्र आपल्यातलाच असतो. करार संपलेल्या जुन्या मजुरांवर १८६७ च्या कायद्याने आणखी एक जू आले. प्रत्येकाने स्वतःचे छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगावा. तो नसेल तर भटक्या म्हणून अटक व्हावी.

याविरुद्ध प्रथम आवाज उठविला तो आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका गोऱ्याने. हा स्वतः एका मळ्याची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. १८७१ साली त्याने जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ सह्या व निशाण्या जमविल्या. सह्या गोळा करणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. फाटकापाशी उभे राहून दोनशे सह्या मिळवितानाही कामगार तीन वेळा मागेपुढे पाहतो. येथे तर तुरुंगाचे भय होते. मळेवाल्यांनी प्लेवित्झला भर रस्त्यात मारहाण केली, त्याला बेटावरून घालवून द्या म्हणून सरकारकडे ओरड केली. पण चौकशीसाठी शाही कमिशन आले. त्यातील एक सभासद फ्रिअर हे मुंबई इलाख्यात नोकरी करून गेलेले गृहस्थ होते. १८७५ साली अहवाल बाहेर पडला आणि मजुरांच्या तक्रारी खऱ्या ठरल्या.

पोर्ट लुईच्या बंदरावर ‘आप्रवासी घाट’ आहे. १८४९ साली बांधलेले ते मजुरांचे उतारघर होते. दगडी इमारतींचा थोडाच भाग आता शिल्लक आहे. २००६ साली तो जागतिक वारसा म्हणून गणला गेला. बोटीतून उतरलेला माणूस ज्या सोळा पायऱ्या चढून वर येई, त्या पायऱ्या आहेत. तेथे त्याची नोंद होई आणि त्याला एक क्रमांक मिळे. त्या नोंदींची पुस्तके आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जिल्हा, गाव, जहाज. पुढे पुढे छायाचित्रही. हा सारा खटाटोप माणुसकीने केलेला नव्हता. मजूर पळाला तर सापडावा, म्हणून केलेला तो बंदोबस्त होता. परंतु काळाची गंमत पाहा. ज्या नोंदीने आजोबाला बांधून ठेवले, तीच आज पणतूला आपल्या कुळाचा एकमेव दाखला झाली आहे.

एका मराठी कुटुंबात आम्हांस जेवायला बोलाविले होते. घरात बोलणे क्रिओल भाषेत. परंतु देव्हाऱ्यात गणपती आणि भिंतीवर शिवाजी महाराज. त्या बेटावर हेन्रिएटा गावी १८९६ पासून गणेशोत्सव चालत आलेला आहे, आणि आज गणेशचतुर्थीस सबंध देशाला सुट्टी असते. कोकणातला झाकरी नाच तेथे अजून नाचतात. घरातील आजीबाई आमच्याशी मराठी बोलू लागल्या. शब्द थोडे, पण हेल थेट दाभोळ खाडीचा. त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला. त्यांच्या पणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. कारकुनाने पणजोबांचे पहिले नाव जसे ऐकू आले तसे लिहिले आणि तेच पुढे साऱ्या कुळाचे आडनाव झाले. मूळ आडनाव कोणास माहीत नाही. जिल्हा रत्नागिरी, एवढे स्पष्ट. गावाचे नाव मात्र परक्या कानाने ऐकलेले आणि परक्या हाताने लिहिलेले. अंबोली म्हणावे, आंबेली म्हणावे, की आंबवली? आजीबाई म्हणाल्या, “तुमी तिकडचे. आमचा गाव कुठला, तेवडं सांगा.”

आम्ही वऱ्हाडातले, कोकणाची आमची ओळख नकाशापुरती. पण त्या वेळी ‘आम्ही तिकडचे नव्हे’ असे म्हणण्याचा धीर झाला नाही. शोधून कळवितो, असे आम्ही वचन दिले.

परत आल्यावर नकाशे काढले, पत्रे लिहिली. त्या नावाशी जुळणारी गावे कोकणात एकाहून अधिक निघाली. दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका माणसाचे केवळ पहिले नाव सांगून कोणत्या गावात विचारावे? या शोधाच्या निमित्ताने आम्ही आमच्या कचेरीतील जुनी दप्तरेही एकदा उघडून बसलो, आणि जे दिसले ते या व्यासपीठावर सांगण्यास संकोच वाटतो. तरी सांगतो. जिनिंगमधील हंगामी कामगारांच्या वर्गणीच्या जुन्या वह्या होत्या. अक्षर आमचेच. पुरुषांची नावे एकाखाली एक, आडनावासकट लिहिलेली. आणि खाली एका ओळीत, ‘बायका १४’. पुढल्या पानावर ‘बायका ११’. कापूस निवडणाऱ्या, सरकी वाहणाऱ्या, मोर्च्यात सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या त्या बाया. त्यांची वर्गणी आम्ही घेतली, नाव घेतले नाही. कंपनीच्या कारकुनाने गुलामीसाठी का होईना, प्रत्येक बाईचे नाव, तिच्या बापाचे नाव, तिच्या कपाळावरचा व्रणसुद्धा टिपून ठेवला. आम्ही स्वातंत्र्याच्या आणि हक्काच्या गोष्टी बोलणारी माणसे. आम्ही आकडा लिहून मोकळे झालो. उद्या त्यांच्यापैकी एखादीची नात आमच्या कचेरीत येऊन ‘माझी आजी तुमच्या युनियनमध्ये होती काय?’ असे विचारील, तर आमच्यापाशी उत्तर नाही.

याच वाड्याच्या परिसरात, उसाच्या मुलखात, बेल व्ह्यू अरेल नावाचा मळा आहे. १९३७ साली बेटावर मजुरांचा आणि लहान शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. उसाच्या एका जातीचा भाव गिरण्यांनी कमी केला, हे निमित्त; गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर १९३८ मध्ये संघटना करण्याचा हक्क कायद्याने मिळाला. तरी १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू अरेल येथे मजुरीसाठी संप करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी पुन्हा गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अंजले कुपेन नावाची एक गरोदर मजूर बाई होती. तिचे नाव कोणीतरी लिहून ठेवले, सांगत राहिले, म्हणून आज त्याच भागातील मोठे क्रीडागृह तिच्या नावाने ओळखले जाते. ‘बायका १’ असे लिहिले असते, तर त्या क्रीडागृहास कोणते नाव दिले असते?

आपल्याकडेही या प्रश्नाची जाण असलेली माणसे होऊन गेली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धतच बंद करावी, असा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. परंतु प्रश्न एकदा चव्हाट्यावर आला तो आला; पुढील आठ वर्षांत ती पद्धत मोडली. मवाळ म्हणून हिणविल्या गेलेल्या त्या माणसाचे हे कार्य आम्हां कामगारांच्या सभांतून क्वचितच सांगितले जाते.

असे वाडे जगात पुष्कळ आहेत. कॅरिबियन समुद्रात जमैका बेटावर ‘रोझ हॉल’ नावाची अठराव्या शतकातील एक भव्य हवेली आहे. तेथे जाणाऱ्या प्रवाशांना घराच्या एका गोऱ्या मालकिणीच्या भुताची कथा रंगवून सांगतात. ती दंतकथा जगभर पोहोचली आहे. ज्या शेकडो गुलामांच्या श्रमावर ते घर उभे राहिले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव तिच्या पाठोपाठ पोहोचले नाही. भुताचे नाव राहिले, माणसांची गेली. म्हणून ते वाडे पाडावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. वाडा राहावा, बाग राहावी. त्यांच्या भिंतींत कारागिरांची अक्कल आणि झाडांत माळ्यांचा घाम आहे. फक्त मालकाच्या तसबिरीशेजारी हजेरीपटही टांगावा.

या गोष्टी गुरुकुंजात सांगाव्याशा वाटल्या, त्यास कारण आहे. १९३५ साली राष्ट्रसंतांनी येथे आश्रम उभारला तो कोणा धनिकाच्या वाड्यासारखा नव्हे. गावोगावच्या लोकांनी येथे श्रम दिले. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत येथे एका ओळीत बसणाऱ्यांना कोणी हुद्दा विचारीत नाही. ज्या गावाला आपल्या माणसांची किंमत कळते, त्याला दुसऱ्याच्या वाड्याचा हेवा वाटत नाही. परंतु अशा गावानेही आपली माणसे नावानिशी लिहून ठेवली पाहिजेत. विहीर कोणी खणली, रस्त्यावर खडी कोणी घातली, शाळेच्या भिंतीला पाणी कोणी मारले? ही माणसे अजून हयात आहेत. विचारले तर सांगतील. आणखी वीस वर्षांनी विचारू, तर ‘बायका १४’ एवढेच हाती लागेल.

आमच्या कचेरीत आता नवी वही आहे. तीत प्रत्येक बाईचे पूर्ण नाव, गाव आणि माहेरचे नाव लिहितो. जुन्या वहीतील चौदांपैकी नऊ नावे विचारून विचारून लागली. पाच अजून लागायची आहेत. आणि कोकणातील तिसऱ्या गावाच्या ग्रामपंचायतीस आमचे पत्र गेल्या महिन्यात गेले आहे. आपणांपैकी कोणाचे सोयरे रत्नागिरीकडे असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांस जरूर भेटावे. आजीबाईंचे वय झाले आहे.